घाटी पाहिली, पाणचक्की राहिली

कन्नड तालुक्यात असे घर शोधून सापडणार नाही, ज्यातला कोणी ना कोणी घाटीत जाऊन आलेला नाही. घाटी म्हणजे शहरातले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि त्याचे रुग्णालय. १९५६ साली ते सुरू झाले आणि तेव्हापासून मराठवाड्याच्या गोरगरिबांचा आधार झाले. कोणाचा अपघात झाला, घाटी. बाळंतीण अडली, घाटी. त्यामुळे आपल्याकडे 'शहरात चाललो' असे कोणी म्हटले की ऐकणारा आधी विचारतो, "काय झालं? कोण आजारी आहे?" आजारपण नसेल तर कोर्टाची तारीख असते. तेही नसेल तर लग्नाचा बस्ता असतो.

या घाटीपासून पाणचक्की हाकेच्या अंतरावर आहे. आठ-आठ दिवस घाटीच्या आवारात पथारी टाकून राहिलेल्या नातेवाइकांना मी विचारतो, "पाणचक्की पाहिली का हो?" उत्तर ठरलेले असते. "डॉक्टरसाहेब, आम्ही काय फिरायला गेलो होतो का?"

बरोबरच आहे. पेशंट आत असताना कोणाला पाणचक्की सुचेल? माझा प्रश्न वेगळा आहे. पेशंट आत नसताना तरी आपण कधी गेलो का? काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत आहे. शहर साठ किलोमीटरवर. वेरूळ तर निम्म्या वाटेवरच. पण वेरुळावरून शंभर वेळा एस.टी.ने गेलेली आणि एकदाही खाली न उतरलेली माणसे माझ्या दवाखान्यात रोज येतात.

आरोग्याच्या सदरात हे सहलीचे पुराण कशाला, असे काही वाचक म्हणतील. माझे मत स्पष्ट आहे. वर्षातून निदान दोनदा, दोन दिवस, कोणत्याही कामाशिवाय घराबाहेर पडणे ही चैन नाही. ती प्रकृतीची गरज आहे. आणि ज्यांना ती सर्वांत जास्त आहे, त्यांनाच आपण घरी ठेवतो.

दुखणे कशाचे?

माझ्याकडे चाळिशी-पन्नाशीच्या बाया येतात. तक्रारी ठरलेल्या: अंग दुखते, डोके जड होते, झोप लागत नाही, छातीत धडधडते. रक्त तपासावे तर पुष्कळदा पंडुरोग निघतो, म्हणजे अंगात रक्त कमी. त्याचे औषध आहे. थायरॉईड, रक्तदाब, साखर, तेही तपासावेच लागते. पण सगळे तपासून झाल्यावरही काहींचे दुखणे उरते. मग मी विचारतो, "मावशी, घराबाहेर कधी पडला होतात?" आठवून आठवून त्या सांगतात, दिराच्या पोरीच्या लग्नाला. तिथेही पोळ्याच लाटल्या.

पुरुषांचे वेगळेच. दुकानदार सकाळी आठला गल्ल्यावर बसतो तो रात्री नऊला उठतो. शेतकऱ्याचे मका, कापूस, अद्रक यांतून डोके निघत नाही. काम संपले तरी भावाची चिंता संपत नाही. रक्तदाब वाढलेला असतो आणि "मला काहीच होत नाही" हे पालुपद सुरू असते.

अमेरिकेत हृदयविकाराचा धोका जास्त असलेल्या बारा हजारांवर पुरुषांची माहिती नऊ वर्षे ठेवली होती. २००० साली तिचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. जे दरवर्षी सुटी घेऊन बाहेर जात, त्यांच्यात मृत्यूचे प्रमाण न जाणाऱ्यांपेक्षा कमी आढळले. त्याआधी १९९२ साली फ्रॅमिंगहॅम या गावातल्या स्त्रियांचा वीस वर्षांचा अभ्यास छापून आला होता. त्यात घर सांभाळणाऱ्या ज्या बायका क्वचितच सुटीवर जात, त्यांना हृदयविकाराचा धोका जास्त दिसला. आता सुटीला जाणारा माणूस मुळातच जरा सुखवस्तू आणि धडधाकट असतो, हेही खरे. तेव्हा फिरायला गेल्याने हृदयविकार टळतो, असा सरळ हिशोब मी मांडणार नाही. रक्तदाबाची गोळी घरी ठेवून वेरूळ पाहिल्याने रक्तदाब उतरत नाही. पण रोजचा चरखा दोन दिवस थांबला की झोप सुधारते, पाय चालते होतात, नवराबायको भाजीच्या भावाखेरीज दुसरे काही बोलतात. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे.

उरकणे आणि पाहणे

कोणी म्हणेल, आमचे लोक जातात की! जातात, पण कसे? एका जीपमध्ये चौदा माणसे. पहाटे चारला निघायचे, घृष्णेश्वर, वेरूळ, भद्रा मारुती, दौलताबादचा किल्ला, बीबी का मकबरा आणि पाणचक्की एका दिवसात उरकायची आणि रात्री बाराला परत. याला मी सहल म्हणत नाही, याला हमाली म्हणतो. अशा रविवारनंतरचा सोमवार माझ्या दवाखान्यात गर्दीचा असतो. कोणाचे पाय सुजलेले, कोणाला जुलाब, कोणाला लघवीची जळजळ, कोणाला ऊन लागलेले. पोरांना विचारले, काय पाहिले? तर म्हणतात, "माकडं."

म्हणून म्हणतो, दोन दिवस काढा आणि ठिकाणे चारच ठेवा. शनिवारी सकाळच्या पहिल्या एस.टी.ने निघा. मार्च २०२३ पासून महिलांना एस.टी.त अर्धे तिकीट आहे. पासष्ट ते पंच्याहत्तर वयाच्यांना अर्धे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंच्याहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास फुकट आहे. पुरातत्त्व खात्याच्या ठिकाणी पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट लागत नाही. तेव्हा खर्चाची सबब निम्मी तरी गेली. दिवाळीनंतर शेतातली घाई ओसरली की माघापर्यंतचा काळ उत्तम. चैत्र-वैशाखात जाऊ नका. दगड तापतो आणि माणूसही.

पहिला दिवस

सकाळी दहाच्या आत मकबरा पाहावा. औरंगजेबाची बेगम दिलरसबानू १६५७ साली वारली, तिची ही कबर. लोक ताजमहालाशी तुलना करतात आणि नाक मुरडतात. तुलना सोडा. खालच्या भागाला संगमरवर, वर काळा दगड आणि त्यावर गुळगुळीत चुन्याचा गिलावा, पुन्हा घुमटाला संगमरवर. पैसा हात राखून वापरला आणि तरी डौल सोडला नाही. आपल्यासारख्या हिशोबी माणसांनी तर हे कौतुकाने पाहावे. आत कबरीभोवती संगमरवराची अष्टकोनी जाळी आहे. बागेतून सावकाश एक फेरी मारली तरी अर्धा तास चालणे होते. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. त्यातली निम्मी मिनिटे या दोन दिवसांत बोलता बोलता पदरात पडतात.

दुपारी बारा ते तीन विश्रांती. हो, विश्रांती. जेवून आडवे व्हा. नाहीतर पन्नाशीच्या पुढच्यांचा दुसरा दिवस वाया गेलाच म्हणून समजा.

चार वाजता पाणचक्की. बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारात ही आहे. दूरच्या झऱ्याचे पाणी मातीच्या नळांतून, केवळ उताराच्या जोरावर इथवर आणले, उंचावर चढवले आणि खाली सोडले. त्या धारेने चाक फिरे आणि जाते दळण दळी. वीज नाही, इंजिन नाही. हे काम सतराव्या शतकाच्या अखेरचे. पण पाण्याची मूळ विद्या त्याहून जुनी. १६१० मध्ये मलिक अंबरने खडकी गावी राजधानी वसवली आणि डोंगरातले पाणी जमिनीखालच्या नहरीने गावात आणले. त्यालाच नहर-ए-अंबरी म्हणतात. खडकीचे पुढे फतेहनगर झाले, १६५३ नंतर औरंगाबाद आणि २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर. नावे बदलली, पण पाण्याचा प्रश्न तोच राहिला.

डॉक्टर म्हणून मला पाणचक्कीपुढे उभे राहिले की एकच गोष्ट मनात येते. झाकलेल्या नळातून वाहणाऱ्या पाण्यात गुरे शिरत नाहीत, धुणे होत नाही, पालापाचोळा कुजत नाही. आज आपण कावीळ, विषमज्वर, गॅस्ट्रो यांवर औषधे देतो. त्यांचे मूळ उघड्या आणि फुटक्या पाण्यात असते. चारशे वर्षांपूर्वी हे ज्यांनी साधले त्यांच्या शहरात जायकवाडीचे पाणी येऊनही लोकांना वर्षानुवर्षे काही दिवसांआड पाणी मिळत आले. पोरांना हे तिथे उभे राहून सांगावे. आरोग्याचा असा धडा कोणत्या शाळेत मिळणार?

संध्याकाळी उन्हे उतरली की दरवाजे. शहराला बावन्न दरवाजे असे सांगतात. त्यातले मोजके टिकून आहेत. भडकल दरवाजा मलिक अंबरने १६१२ मध्ये बांधला. दोन-तीन दरवाजे पायी पाहावेत. रिक्षातून दरवाजा दिसत नाही, नुसती कमान डोक्यावरून जाते.

खाण्याचे काय?

डॉक्टर म्हटला की हे खाऊ नका, ते खाऊ नका, असे लोकांना वाटते. मी तसे सांगणार नाही. परमुलखात जाऊन घरचीच पोळी-भाजी खायची तर गेलात कशाला? नान-खलिया हा या शहराचा खास पदार्थ. मटणाचा मसालेदार, तर्रीदार रस्सा आणि भट्टीतली नान. तुघलकाच्या फौजेबरोबर तो इकडे आला असे सांगतात. नान मैद्याची असते आणि रश्शावर तेलाचा थर असतो. रक्तदाब किंवा हृदयविकार असेल त्यांनी वरची तर्री बाजूला करावी, एकच नान घ्यावी, कांदा-लिंबाने पोट भरावे. शाकाहारी माणसांनी येसराची आमटी आणि ज्वारीची भाकरी कुठे मिळते ते विचारावे. गुलमंडीची इमरती खावी, पण उडदाची असली तरी ती पाकातच पोहते हे मधुमेह्यांनी विसरू नये. एक इमरती चौघांत, आणि त्या जेवणाला भात नाही. हंगाम असेल तर दौलताबादच्या वाटेवर सीताफळे मिळतात. मधुमेह्याला अर्धे पुरे.

नियम दोनच. जे खाल ते डोळ्यांसमोर कढत निघालेले असावे आणि जिथे गिऱ्हाईक सतत हलते आहे तिथेच खावे. कापून ठेवलेली फळे, बर्फ, सकाळपासून उघडी असलेली चटणी, यांना हात लावू नका. जुलाब लागलेच, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालून ते थोडे थोडे प्यावे. रक्त पडले, ताप चढला किंवा लघवी कमी झाली तर थांबू नये, डॉक्टर गाठावा.

मुक्काम कुठे?

इथे माझे मत पुष्कळांना रुचणार नाही. शहरात आत्याचा, मावशीचा, मेहुण्याचा मुलगा असतो. आपण त्याच्याकडेच उतरतो. मग होते काय? पुरुष गप्पा मारतात आणि आपल्या घरच्या बाया त्या घरच्या बायांबरोबर ओट्यापाशी उभ्या राहतात. चूल बदलली, बाकी काही बदलले नाही. ऐपत असेल तर साधा लॉज घ्या, नाहीतर धर्मशाळा. नातेवाइकांना चहाला भेटा. बाईला दोन दिवस आयते ताट मिळाले, एवढ्यानेच तिचे निम्मे अंगदुखणे थांबलेले मी पाहिले आहे.

दुसरा दिवस

सकाळी बाजारात हिमरूचे विणकाम पाहा. सूत आणि रेशीम एकत्र विणून केलेले हे कापड या शहराची ओळख आहे. घेतलेच पाहिजे असे नाही, हात लावून पाहायला पैसे पडत नाहीत. म्हाताऱ्या माणसांना सोनेरी महालातले वस्तुसंग्रहालय सावलीत पाहता येते.

दुपारचे जेवण करून कन्नडच्या गाडीत बसा आणि तीनच्या पुढे वेरूळला उतरा. मंगळवारी लेणी बंद असतात, शनिवार-रविवारी उघडी. लेणी पश्चिमेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे उतरत्या उन्हात ती उजळतात. एकूण चौतीस: पहिली बारा बौद्ध, तेरा ते एकोणतीस हिंदू, तीस ते चौतीस जैन. सगळी पाहण्याचा हट्ट नको. प्रवेशद्वारासमोरच सोळाव्या क्रमांकाचे कैलास लेणे आहे. आठव्या शतकात राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या काळी डोंगर वरून खाली कोरत आणून ते केले. म्हाताऱ्या आईला डोंगर चढवावा लागत नाही. तिला तिथे सावलीत बसवा आणि तासभर बसू द्या. १९८३ पासून हे जागतिक वारसा स्थळ आहे. परदेशातून माणसे येतात आणि आपण कंडक्टरला म्हणतो, "चला, चला, उशीर होतोय."

दौलताबादचा किल्ला मी या दौऱ्यात मुद्दामच ठेवला नाही. शेकडो पायऱ्या आहेत, त्यात अंधारी वाट आणि तिथे वटवाघळांचा उग्र दर्प. दमेकऱ्यांनी आत जाऊ नये. चढताना छाती आवळून येते आणि थांबले की बरे वाटते, असे ज्याला होते त्याने तो दम लागणे समजू नये. ते हृदयाचे दुखणे असू शकते. तिथून परत फिरावे आणि त्याच आठवड्यात तपासून घ्यावे.

आणखी दोन सूचना. मधुमेह्यांनी जेवणाची वेळ चुकवू नये. गोळी घेतली आणि जेवण लांबले तर साखर एकदम उतरते. घाम फुटतो, हात थरथरतात, डोळ्यांपुढे अंधारी येते. खिशात साखरेची पुडी ठेवावी आणि असे झाल्यास तीन चमचे लगेच खावी. दुसरे, देवळात किंवा दर्ग्यात पायताण काढावे लागते. जुन्या मधुमेह्याच्या पायाची जाणीव कमी झालेली असते. तापलेल्या फरशीवर फोड येतो आणि त्याला पत्ताही लागत नाही. जाड सुती पायमोजे जवळ ठेवा आणि रात्री तळवे पाहा.

बायांच्या पाण्याचा प्रश्न

शेवटी जे सांगायचे आहे तेच या लेखाचे खरे कारण आहे. सहलीला निघालेली बाई सकाळपासून पाणी पीत नाही. का, ते प्रत्येक बाईला ठाऊक आहे आणि बहुतेक पुरुषांनी कधी विचारलेले नाही. वाटेत मोरी नाही. असली तर दार नाही, दार असले तर कडी नाही, कडी असली तर पाणी नाही. मग सोपा उपाय म्हणजे तहान मारणे. आठ-दहा तास पाणी नाही, लघवी तुंबवलेली, वर ऊन. त्याने लघवीच्या मार्गात जंतू वाढतात. सोमवारी जळजळ, बुधवारी थंडी वाजून ताप आणि कंबरेत कळ. गरोदर बाईला हे फार धोक्याचे. पुढच्या वर्षी सहल निघाली की तीच म्हणते, "तुम्ही जा, मी घर सांभाळते." घरचे समजतात, हिला हौस नाही.

हौस असते, सोय नसते. मग दोन गोष्टी करू. घरच्या कर्त्याने ठिकाण ठरवण्याआधी मोरीची चौकशी करावी, दर दोन तासांनी सोय असलेल्या जागी थांबावे आणि बायांना पाणी प्यायला सांगावे. आणि गावाने मागणी करावी. आपले पितळखोरे याच तालुक्यात, दोन हजार वर्षांपूर्वीचे. आपल्या एस.टी. स्थानकापासून ते अशा लेण्यांच्या वाटेपर्यंत स्वच्छ, कडी लागणारी, पाणी असलेली स्वच्छतागृहे मागायला काही लाज नाही. रस्त्यासाठी आपण निवेदने देतो, विजेसाठी मोर्चे काढतो. यासाठी एकही निवेदन निघाल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ज्या काळी नळातून पाणी डोंगरापलीकडे नेता आले, त्या मुलखात एका दाराला कडी बसवणे अवघड नसावे.

येत्या थंडीत एक शनिवार-रविवार ठरवा. गोळ्या, पाण्याची बाटली, टोपी आणि पायमोजे एवढेच सामान घ्या. आणि घर सांभाळायला कोणाला ठेवायचे, हा प्रश्न या वेळी मावशीला विचारू नका. दोन दिवस कुलूप लावा. घर कुठे जात नाही.